भित्री

पडायला लागलं की आधी डोकं वाचवायचं, हे माणसाला शिकवावं लागत नाही. हार्ड डिस्कला मात्र शिकवावं लागतं.

घरातल्या कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्क सुखी. टेबल हलत नाही, पंखा डोक्यावर असतो, फार तर कोणी चहा सांडतं. गाडीत बसवलेल्या डिस्कच्या नशिबी हे सुख नाही. उन्हात गाडी तापली की ती तापते, थंडीत गारठते, आणि खड्डा आला की ड्रायव्हरच्या कमरेबरोबर तिचीही कंबर मोडते. तिच्या पोटात एक गुळगुळीत तबकडी गरगर फिरत असते आणि त्या तबकडीवर, मध्ये केसही मावणार नाही इतक्या जवळ, एक इवलंसं हेड तरंगत असतं. ते टेकलं की संपलं. नकाशे, गाणी, पत्ते, जे काही साठवलं असेल ते खरवडून जातं. म्हणून गाडीतल्या डिस्कला एक जाणीव दिलेली असते. अंगातलं वजन गेलं, आपण पडतोय, असं तिला वाटलं रे वाटलं, की पापणी लवायच्या आत ती हेड उचलून कडेच्या खाचेत नेऊन ठेवते. तेवढाच एक बारीक आवाज येतो. टक्.

हे टक् मोजत बसणं हे चिमणीचं काम होतं.

चिमणी हे तिचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. चाळिशी ओलांडलेली, चष्मा लावणारी बाई ती. पण तिचा थोरला भाऊ डिस्कच्या त्याच कारखान्यात चाचणीची गाडी चालवायचा, आणि कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याने भर वर्कशॉपमध्ये तिला "ए चिमणे, डबा विसरलीस!" अशी हाक मारली. झालं. त्या दिवसापासून ती सगळ्यांची चिमणी झाली. लॅबचे साहेब तेवढे मान राखून "चिमणीबाई" म्हणायचे.

आईवडील लवकर गेले, तेव्हा दादानेच तिला वाढवलं होतं. सायकल शिकवताना तो मागून ओरडायचा, "पडलीस तर खुशाल पड, पण डोकं सांभाळ!" लग्नाच्या भानगडीत ती पडली नाही. दादा, वहिनी आणि ती, असं तिघांचं घर होतं. भाऊबहीण सकाळी एकाच स्कूटरवरून यायचे आणि फाटकाशी वेगळे व्हायचे: तो खाली वर्कशॉपमध्ये, ती वर लॅबमध्ये.

काम ठरलेलं होतं. चाचणीच्या गाडीखाली, मागच्या बाजूला, एक पोलादी पेटी बोल्टने आवळलेली असे. पेटीत सहा डिस्क. त्यांतल्या एकीवर गाडीचा नकाशा आणि दादाची गाणी असत, बाकीच्यांवर नुसती भरतीची माहिती. गाडी घेऊन दादा रोज एकाच रस्त्याने फेरी मारायचा. गावाबाहेरची वळणं, पेट्रोल पंपाचा फाटा, खडीचा उतार, नदीवरचा जुना लोखंडी पूल, आणि सरळ रस्त्याने परत. आल्यावर गाडी दोन खांबांच्या लिफ्टवर चढवून वर उचलायची. दादा तिच्याखाली उभा राहून पेटीचे बोल्ट तपासायचा, आणि वरच्या मजल्यावरच्या लॅबमधून एक लांब केबल खाली सोडून चिमणी डिस्कच्या नोंदी वाचायची. कोणती कुठे दचकली, किती वेळ दचकली. किती वाजले ते डिस्कला कळत नाही. गाडीतल्या नकाशावर जे ठिकाण असेल तेच नोंदीला चिकटतं.

आणि एक नियम होता. निकाल ड्रायव्हरला सांगायचा नाही, आणि ड्रायव्हरने रस्त्यात काय केलं ते लॅबने विचारायचं नाही.

"एकदा का त्याला कळलं की अमुक खड्ड्यात डिस्क दचकते, की पुढच्या वेळी तो खड्डा चुकवणार," साहेब सांगायचे. कानामागे पेन्सिल, हातात कायम काहीतरी उघडलेलं यंत्र, असा त्यांचा थाट. "मग आपण डिस्क तपासतोय की ड्रायव्हरचा चांगुलपणा? एकमेकांच्या ताटात डोकावायचं नाही, चिमणीबाई. तुम्ही बहीणभाऊ आहात म्हणून मुद्दाम सांगतो."

नियम चांगलाच होता. चिमणीने तो घरीही पाळला. जेवताना दादा विचारायचा, "काय म्हणतात तुझ्या पोरी?" आणि ती म्हणायची, "मजेत आहेत." यापलीकडे शब्द नाही.

तर त्या नकाशावालीने एके दिवशी पहिल्यांदा नोंद केली. ठिकाण: पूल. पडण्याचा काळ अगदी जरासा. बाकीच्या पाचजणी गप्प.

चिमणीला त्यात काही वाटलं नाही. पुलाच्या सांध्यावर गाडी उडाली असेल. यंत्र उंची सांगत नाही, पडायला किती वेळ लागला ते सांगतं. त्यावरून उंची काढणं हे शाळेतलं गणित आहे. चिमणीला मात्र आकड्यापेक्षा डोळ्यांना दिसलेलं पटायचं. तिने टेबलावरचं खोडरबर उचललं आणि हात खाली नेऊन सोडून पाहिलं. पायरीएवढी उंची. बस.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पूल, पुन्हा तीच एकटी. या वेळी खोडरबर स्टुलावरून सोडावं लागलं.

मग तिने रीतसर सगळं केलं. पेटीतली जागा बदलली, वायर बदलली, बोल्ट बदलायला लावले. डिस्क दुसऱ्या खाचेत गेली तरी तिचं रडगाणं तिच्याबरोबर गेलं. साहेबांनी नोंदी पाहिल्या आणि हसले.

"ही भित्री आहे. गाडी हलली की हिला वाटतं मेले."

"पण साहेब, रोज एकाच जागी?"

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस. त्याला जागा ठरवून दिलेली असते." साहेबांनी पेन्सिलीने डोकं खाजवलं. "सहाजणी एकाच पेटीत आहेत ना? पेटी पडली तर सहाजणी पडतील. एकटी ओरडते, म्हणजे तिचाच घसा खराब. चालू द्या अजून थोडे दिवस. कशी बिघडते ते तरी कळेल."

साहेबांचं बोलणं बिनतोड होतं. चिमणी मान हलवून जागेवर आली. पण तिसऱ्या प्रहरी गाडी परत आली आणि नोंद आली, तेव्हा हातातलं खोडरबर टेबलाच्या उंचीवरून सोडावं लागलं, आणि ते जमिनीवर आपटून कपाटाखाली गेलं. ते काढायला ती वाकली नाही. तशीच बसून राहिली.

कारण बिघडलेल्या डिस्क तिने खूप पाहिल्या होत्या. बिघडलेली डिस्क वेड्यासारखं काहीही बोलते. आज खांबाएवढं, उद्या पायरीएवढं. ही तसं करत नव्हती. ही रोज थोडी थोडी वर चढत होती. पायरी, स्टूल, टेबल. जणू कोणीतरी तिला रोज थोड्या जास्त उंचीवर नेऊन सोडत होतं.

त्या आठवड्यात घरी जेवताना तिचं लक्ष नसायचं.

"मीठ कमी आहे का गं?" वहिनीने विचारलं.

"नाही, छान झालंय."

"मग अशी ताटाकडे बघत काय बसलीस? ताट पळून नाही जायचं."

"प्रेमात पडली असेल," दादा म्हणाला. "या वयात पडलं की फार लागतं म्हणे."

"पडायच्या गोष्टी नको रे करूस," ती एकदम म्हणाली. इतक्या जोरात, की दोघांनीही वर पाहिलं.

दादाने पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला. त्याचा हात मोठा, बोटांच्या पेरांत तेल मुरलेलं. त्या हाताला सायकलची सीट धरलेली तिने पाहिली होती. विचारावं का याला? पुलावर तुला काही वाटतं का? पोटात खड्डा पडतो का? पण नियम. आणि नियमाचं जाऊ दे, विचारून होणार काय? तो हसेल, आणि दुसऱ्या दिवशी पुलावर गाडी हळू नेईल. भित्यापाठीचा ब्रह्मराक्षस त्याच्याही पाठी लागेल. घाबरलेला ड्रायव्हर तर जास्त वाईट.

सुट्टीच्या दिवशी ती एकटीच पुलावर गेली. भर दुपार होती. पुलावर चिटपाखरू नव्हतं. गंजलेले कठडे उन्हाने इतके तापलेले की हात लावला तर पोळावा. तिने सांधे पाहिले, वाकून खालचे खांब पाहिले, डांबरावर पाय आपटून पाहिला. पूल जसा असावा तसा होता. म्हातारा, पण आपल्या पायावर उभा.

मग तिने एक खडा उचलला आणि कठड्यावरून सोडला.

खडा पडत राहिला. पडतच राहिला. खाली पाण्याचा आवाज झाला तेव्हा चिमणीने सोडलेला श्वास तिचा तिलाच ऐकू आला. हे पडणं टेबलाचं नव्हतं, माडीचं नव्हतं, दोन माड्यांचंही नव्हतं. म्हणजे भित्रीला अजून खूप चढायचं होतं. म्हणजे अजून दिवस होते.

हा दिलासा घेऊन ती घरी आली. वाटेत तिच्या लक्षात आलं, की आपण मनाशी 'अजून दिवस आहेत' म्हणालो. 'असं काही नसतं' म्हणालो नाही.

त्यानंतर भित्री वाढायची थांबली.

टेबलावरून ती खिडकीच्या गजाएवढी झाली, मग पुरुषभर उंचीची, आणि तिथेच राहिली. रोज तेवढंच. चिमणी हात डोक्यावर उंच करून खोडरबर सोडायची, आणि ते यंत्रातल्या काळाबरोबर बरोब्बर जमिनीला टेकायचं. पुलावरून पाण्यात पडायला यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, हे तिने स्वतः पाहिलं होतं. तरी ठिकाण तेच यायचं. पूल. वाढत होती तेव्हा एक भीती होती. थांबली तेव्हा दुसरीच वाटायला लागली. जिना चढणारा माणूस थांबतो कधी? दमला तर, नाहीतर दार आलं तर.

साहेबांनी ठरवून टाकलं. "उद्याची शेवटची फेरी. परवा हिला उघडू. पोटात काय दडलंय बघू या."

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी स्कूटर लावताना चिमणीने नियम मोडला.

"दादा, आज पुलावरून नको जाऊस."

"का गं? पूल पडणार आहे?"

"मला नाही सांगता येत. पण आज नको."

दादाने हेल्मेट काढलं आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "तुझ्या पोरींनी काही सांगितलं?"

तिने डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"साहेबांना कळलं तर?"

"कळलं तर माझं नाव सांग."

"तुझं नाव काय सांगू, चिमणीने चोच मारली म्हणून?" तो हसला. मग हसू आवरून म्हणाला, "बरं. पंपाच्या फाट्यावरून खाणीकडच्या रस्त्याने जातो. खड्डे जास्तच आहेत तिथे, तुमचा फायदाच. आता तरी तोंड नीट कर. वहिनीने बघितलं तर म्हणेल मी छळतो."

त्या दिवशी चिमणीचं कामात लक्ष लागलं नाही. नदीच्या बाजूने काही मोठा आवाज येतो का, याकडे कान लागलेले. आवाज आला नाही. तिसऱ्या प्रहरी फाटकाशी ओळखीचा हॉर्न वाजला, तेव्हा तिला उठून नाचावंसं वाटलं. काचेतून खाली पाहिलं. दादा गाडी लिफ्टवर घेत होता. मोटर घुरघुरली, गाडी खांबांच्या मधोमध हळूहळू वर गेली. तिने केबल सोडली, दादाने ती पेटीला जोडली आणि वर बघून हात हलवला. गाडीत नेहमीसारखी गाणी चालू होती. काचेतून त्यांचा नुसता घुमारा यायचा.

पाचजणींच्या नोंदी पडद्यावर आल्या. कोऱ्या. मग भित्रीची जागा काही वेळ रिकामी राहिली, आणि ओळ उमटली.

पडली. पुरुषभर उंची.

ठिकाण: पेट्रोल पंप.

चिमणीने ती ओळ पुन्हा वाचली. पूल नव्हताच तर. पुलाचा काही संबंधच नव्हता. तिने दादाला पुलावरून हटवलं, आणि ते जे काय होतं ते पुलावरून उठून पंपापाशी येऊन उभं राहिलं. उद्या आणखी कुठे. ते जागेला चिकटलेलं नव्हतं. ते दादाला चिकटलेलं होतं.

ती जिना उतरली तेव्हा तिचा एक पाय चपलेत होता आणि एक नव्हता.

"दादा! पंपापाशी काय झालं?"

दादा गाडीखाली उभा होता. डोक्यावर वीतभर अंतरावर गाडीचं पोट, एका हातात पाना, दातांत एक बोल्ट. त्याने बोल्ट काढून तळहातावर घेतला. "कुठे काय झालं? काही नाही झालं."

"गाडी उडाली? आदळली?"

"अगं, पंपापाशी सिमेंटचा गुळगुळीत रस्ता. तिथे काय उडायचंय? तिथे फक्त त्या बाईचं तोंड बंद केलं."

"कोणत्या बाईचं?"

"नकाशातल्या. रस्ता बदलला की 'मागे वळा, मागे वळा' करून डोकं खाते. पंपापाशी नकाशा बंद केला आणि गाणी लावली. एरवी पुलापाशी करतो. पूल ओलांडला की रस्ता पाठ आहे, नकाशा हवा कशाला?"

चिमणीने वर, गाडीखालच्या पेटीकडे पाहिलं.

रोज पुलापाशी नकाशा बंद. म्हणजे पुलाच्या पुढे गाडी कुठेही असो, भित्रीला ठाऊक असलेलं शेवटचं ठिकाण पूलच. आज नकाशा पंपापाशी बंद, म्हणून आज पंप. ती जागा सांगत नव्हती. तिला जागा कळतच नव्हती. एवढं साधं होतं, आणि एवढं साधं कोणी कोणाला विचारलं नव्हतं. कारण विचारायचं नाही असा नियम होता.

"दादा," तिने विचारलं, "नकाशा बंद केल्यावर वाटेत कुठे गाडीला धक्का बसतो?"

"छे. उलट तुलाच एक सांगायचं होतं, पण तुमचा तो नियम." दादा पुन्हा वर पाहत पाना लावू लागला. "तुझी ती गाणीवाली आजारी आहे बरं का. रस्ताभर झक्क वाजते. आणि इथे लिफ्टवर आलो, गाडी उचलली, मी खाली येऊन पाना हातात घेतला की गाणं क्षणभर गपकन थांबतं. कोणी तोंडावर हात ठेवल्यासारखं. मग पुन्हा सुरू. आधी निमिषभर थांबायचं, आता चांगलं जाणवतं. आजसुद्धा थांबलं, आत्ता, तू यायच्या आधी."

हेड उचललं की गाणं थांबणारच. आता गाणं चालू होतं. वर, गाडीच्या रिकाम्या केबिनमध्ये, कोणी नसताना. छपराच्या काचांतून उन्हाचा पट्टा येऊन दादाच्या खांद्यावर पडला होता. गाडीची चाकं हवेत लोंबत होती. चाकापासून जमिनीपर्यंतचं अंतर चिमणीने पाहिलं. ते मोजायला खोडरबर लागलं नाही. इतके दिवस ती हात उंच करून त्याच उंचीवरून ते सोडत आली होती.

'दादा, गाडी पडणार आहे' असं म्हणावं, असं तिच्या मनात आलं. पण ती त्याला पुरती ओळखून होती. असं म्हटलं असतं तर तो हसला असता, मग खांबाकडे बघितलं असतं, मग खांबाला हात लावून हलवून दाखवलं असतं. खाली उभा राहूनच.

"दादा, वहिनीचा फोन आलाय. वर. लगेच ये म्हणतेय."

"आत्ता? बोल्ट एक राहिलाय."

"रडतेय ती."

पाना खणकन पडला. दादा मान वाकवून गाडीखालून बाहेर आला, चिमणीच्या जवळून दोन ढांगा पुढे जिन्याकडे गेला. "काय झालं तिला? तिच्या आईला काही—"

मागे गाणं चालूच होतं.

मग खांबात काहीतरी करकरलं, दात खाल्ल्यासारखं, आणि गाडी खाली आली. ती वाकडी झाली नाही की कलंडली नाही. जशी होती तशी, चारी चाकांनिशी, सरळ खाली. जमीन हादरली. काचांचा चुरा उडाला, गाडी चाकांवरून एकदा उसळली आणि पोटावर बसली. पाना तिच्याखाली गेला. गाणं थांबलं. या वेळी पुन्हा सुरू झालं नाही.

धूळ खाली बसली. दादा जिन्याच्या पहिल्या पायरीवर एक पाय ठेवून उभा होता. त्याने हळूच आपल्या डोक्यावरून हात फिरवला. ते जागेवर आहे ना, हे पाहिल्यासारखा.

"फोन," तो म्हणाला.

"फोन नाहीये, दादा."

तो तिच्याकडे पाहत राहिला. मग पायरीवर बसला. तीही शेजारी बसली. साहेब धावत आले, माणसं गोळा झाली, कोणी पाणी आणलं. दादाने सगळा गडवा स्वतःच्या घशात ओतला आणि मग आठवण होऊन तिला म्हणाला, "तुला हवं होतं का?"

लिफ्ट दुरुस्त करणारा दुसऱ्या दिवशी आला. खांबातला नट त्याने तळहातावर घेऊन दाखवला. आतले आटे झिजून गुळगुळीत झाले होते. धरून ठेवणारा खटकाही अडकला नव्हता. "बरेच दिवस झिजत असणार," तो म्हणाला. "असं एका दिवसात होत नाही."

"मग थोडी थोडी घसरत असेल? रोज?" चिमणीने विचारलं.

"केसभर. तेही कदाचित."

"पायरीएवढी नाही?"

तो हसला. "पायरीएवढी घसरली असती तर खालच्या माणसाला कळलं नसतं का, बाई?"

साहेबांनी ठरल्याप्रमाणे भित्रीला उघडलं. चिमणी शेजारी उभी होती. झाकण निघालं, आणि दोघांनी एकदमच पाहिलं. तबकडीवर एक गोल, खोल ओरखडा होता, आणि हेड त्या ओरखड्यातच रुतून बसलेलं होतं. बाकीच्या पाचजणी शहाण्या निघाल्या होत्या. गाडी पडली त्या क्षणी पाचहीजणींनी हेड उचलून खाचेत ठेवलं होतं. एकीलाही खरचटलं नव्हतं. भित्रीने ठेवलं नव्हतं. इतके दिवस कोणी पाडत नसताना रोज डोकं वाचवणारी ती, खरंखुरं पडणं आलं तेव्हा गात राहिली होती.

साहेब बराच वेळ त्या ओरखड्याकडे पाहत होते. त्यांना दादा वाचल्याचा आनंद होता. आदल्या संध्याकाळी ते स्वतः त्याला घरी सोडून आले होते. पण डिस्क म्हणजे डिस्क.

"बघा चिमणीबाई," ते म्हणाले. "पडत नव्हती तेव्हा रोज ओरडली. पडली तेव्हा गप्प. अशी डिस्क लोकांच्या गाड्यांत घालायची म्हणजे... विश्वास ठेवण्यासारखी नाही. बरोबर ना?"

चिमणीने तबकडीकडे पाहिलं. ओरखड्यात तिचा चष्मा तुकड्यातुकड्यांनी दिसत होता.

"नियमाने पाहिलं तर बरोबर आहे," ती म्हणाली, आणि अहवालाखाली त्यांच्या सहीशेजारी आपली सही केली.

आता नवी लिफ्ट आली आहे. जाड खांब, दुहेरी खटके. पेटीत नव्या सहा डिस्क आहेत आणि सगळ्या गप्प आहेत. पडद्यावर रोज सहा कोऱ्या ओळी येतात. साहेब खूश आहेत. चिमणी मात्र त्या कोऱ्या ओळी पुन्हा पुन्हा वाचते. पूर्वी गप्प म्हणजे सगळं ठीक असायचं. आता गप्प म्हणजे काय, ते तिला ठरवता येत नाही.

म्हणून गाडी वर गेली, केबल जोडली गेली, की ती जिन्याच्या अर्ध्यात येऊन उभी राहते.

"दादा, वहिनीचा फोन आहे."

दादा पाना खाली ठेवतो. मान वाकवून गाडीखालून बाहेर येतो, हात पुसतो आणि तिच्याजवळ पायरीवर येऊन बसतो. वहिनी काय म्हणाली, हे त्याने एकदाही विचारलेलं नाही. दोघं गप्प बसून वरचं गाणं ऐकत राहतात. गाणं कुठेही न अडखळता संपलं, की तो उठतो आणि राहिलेला बोल्ट आवळायला जातो.